ग्लोबच्या अंगणात उभं राहण्याआधी

नाटक शिकायला इंग्लंडला जावं का, हा विषय पुण्या-मुंबईत निघाला की चर्चा फी, व्हिसा आणि शिष्यवृत्ती इथवर येऊन थांबते. आमच्या चौकमध्ये तो निघाला तर त्याआधी दुसरं विचारावं लागतं. जाणाऱ्या मुलीनं आजवर नाटकं पाहिलीत तरी किती?

चौक हे जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावरचं, पनवेल आणि खोपोलीच्या मधलं, इर्शाळगड आणि माथेरानच्या डोंगरांखालचं गाव. १८५० साली ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट इथूनच वर चढला आणि माथेरान साहेबांच्या नकाशावर आलं. म्हणजे इंग्रजांची आणि या गावाची ओळख तशी जुनी. मुंबईच्या नाट्यगृहांची आणि या गावाची ओळख मात्र अजून व्हायची आहे. दादर इथून साठ-सत्तर किलोमीटर. शिवाजी मंदिरला रात्रीचा प्रयोग पाहायचा, तो अकराच्या पुढे सुटणार, धावतपळत कर्जतची शेवटची लोकल गाठायची, अपरात्री कर्जतला उतरायचं आणि तिथून चौकला यायला काही मिळणार नाही. पनवेल-कर्जत लाइनवर चौक स्टेशन आहे, पण त्या वेळी तिथं थांबणारी गाडी नाही. पनवेलचं वासुदेव बळवंत फडके नाट्यगृह त्या मानानं जवळ, तरी प्रयोग संपल्यावर मुलीनं एकटीनं हायवेला उभं राहायचं का, हा प्रश्न घरातले विचारणारच, आणि तो चुकीचा नाही. बारावीपर्यंत रंगमंचावरचं पूर्ण लांबीचं व्यावसायिक नाटक एकदाही न पाहिलेली मुलं या भागात मला नेहमी भेटतात. त्यातल्या काहींना नाटकच करायचं असतं.

अशी एखादी मुलगी इंग्लंडला गेली तर तिला पहिल्यांदा काय मिळेल? अभिनयाचं तंत्र, आवाजाचे व्यायाम, शेक्सपियरच्या ओळी कशा म्हणायच्या, हे सगळं मिळेलच. पण माझ्या मते सर्वांत मोलाचं मिळेल ते संध्याकाळी साडेसातला. परदेशी विद्यार्थ्यांसाठीच्या नाट्य-अभ्यासक्रमांची घडी साधारण ठरलेली असते. सकाळी कार्यशाळा, दुपारी वाचन आणि चर्चा, संध्याकाळी नाटक, मधे शेक्सपियरच्या जन्मगावाची, स्ट्रॅटफर्डची फेरी. आठवड्याला तीन-चार प्रयोग सहज पाहून होतात आणि प्रयोग सुटल्यावर रात्रीच्या बसनं खोलीवर परतता येतं. जी सोय दादरहून चौकला नाही ती लंडनमध्ये तिला पहिल्याच आठवड्यात मिळते. माझं म्हणणं या एका गोष्टीपासून सुरू होतं. या प्रवासाचा खरा अभ्यासक्रम प्रेक्षक होण्याचा आहे. नट होणं, दिग्दर्शक होणं पुढचं.

यावर लगेच एक आक्षेप येतो. नॅशनल थिएटरनं २००९पासून आपली नाटकं चित्रित करून जगभरच्या पडद्यांवर दाखवायला सुरुवात केली, मुंबईत एनसीपीएतही ती दाखवली जातात. शिवाय हातात मोबाइल आहे. मग तिथं जाऊन बसायची गरज काय? गरज आहे, कारण पडद्यावर दिसतो तो दुसऱ्यानं निवडलेला प्रयोग. कॅमेरा चेहऱ्यावर गेला की आपणही चेहराच पाहायचा. रंगमंचाच्या डाव्या कोपऱ्यात गप्प उभ्या असलेल्या दासीकडं पाहत राहायचं स्वातंत्र्य तिथं उरत नाही. नाटक पाहायला शिकणं म्हणजे तर हे स्वातंत्र्य वापरायला शिकणं. कुठं पाहायचं हे आपण ठरवायचं, आपण काय गमावलं तेही आपल्याला कळायचं, आणि शेजारचा माणूस भलत्याच ठिकाणी का हसला याचा विचार करत घरी जायचं.

टेम्सच्या दक्षिण काठावरचं ग्लोब नाट्यगृह यासाठी फार चांगली शाळा आहे. मूळचं ग्लोब १५९९चं. १६१३ साली ‘आठवा हेन्री’च्या प्रयोगात तोफ उडवली, ठिणगी गवती छपरावर पडली आणि ते जळालं. आजचं १९९७चं, सॅम वॉनामेकर या अमेरिकन नटाच्या हट्टातून उभं राहिलेलं. १६६६च्या आगीनंतर लंडनमध्ये गवती छप्पर घालायला परवानगी मिळालेली ही पहिली इमारत. भोवताली तीन मजली गॅलऱ्या, मधे उघडं अंगण. अंगणात सातशे माणसं उभ्यानं नाटक पाहतात. बसायचं नाही, छत्री उघडायची नाही. पाऊस आला तर अंगावर घ्यायचा, फार तर प्लॅस्टिकचा रेनकोट चढवायचा. तिकीट अनेक वर्षं पाच पौंड होतं. सगळ्यांत पुढं उभ्या असलेल्याला मंचाच्या कडेवर कोपरं टेकवता येतात, इतका मंच जवळ. नटाच्या चपलेची धूळ डोळ्यांसमोर. आणि अंधार नाही. दिवसा ऊन, रात्री सगळ्यांवर सारखाच प्रकाश. नटाला प्रेक्षकांचा प्रत्येक चेहरा दिसतो. हॅम्लेट स्वतःशी बोलत नाही, समोरच्या सातशे माणसांना विचारतो, आणि त्यातला कुणी जांभई देत असेल तर ते त्याला दिसतं.

आता आमच्याकडचं गावचं नाटक पाहा. गावदेवीची जत्रा, पालखी किंवा वार्षिक सत्यनारायण. देवळासमोर मांडव, बांबू-फळ्यांचा मंच, भाड्यानं आणलेला पडदा. बाया-माणसं जेवणं आटोपून ताडपत्रीवर जागा धरतात, पोरं मंचाला चिकटून बसतात. भजन लांबलं की नाटक लांबतं. नायिका बाहेरून मानधनावर आलेली, बाकी नट गावचे किंवा सुट्टी काढून आलेले मुंबईकर. विंगेत प्रॉम्प्टर. ट्यूबलाइट सगळ्यांच्या डोक्यावर सारखीच. रंगात आलेला प्रवेश मधेच थांबतो, कारण कुणीतरी बक्षीस दिलेलं असतं आणि माइकवरून नाव पुकारल्याशिवाय देणाऱ्याचं समाधान होत नाही. खलनायक हातातली तलवार तशीच धरून पुकारा संपेपर्यंत थांबतो आणि मग वाक्य पूर्ण करतो. प्रेक्षक पुन्हा त्या प्रवेशात शिरतात, काही बिघडत नाही.

ज्या मुलीनं हे लहानपणापासून पाहिलंय, तिला ग्लोबच्या अंगणात परकं वाटणार नाही. उजेडातला प्रेक्षक, त्याच्याशी उघड बोलणारा नट, मधेच होणारा व्यत्यय आणि तो पचवून पुढं जाणारा खेळ, हे तिच्या ओळखीचं आहे. वातानुकूलित नाट्यगृहात काळोखात बसायची सवय असलेल्या शहरी विद्यार्थ्याला तिथं जे नव्यानं शिकावं लागेल ते तिच्या अंगात आहे. अट एकच. गावच्या त्या नाटकाला ‘हौशी, गावठी’ म्हणून मोडीत काढायची सवय तिनं शहरातल्या कॉलेजात लावून घेतलेली नसावी. आपण मुलांना नेमकी तीच सवय लावतो, आणि याचा मला मनापासून राग येतो. एकांकिका स्पर्धांच्या तयारीत पहिलं काय पुसलं जात असेल तर मुलाची बोली आणि त्यानं पाहिलेलं गावचं नाटक.

आपली सामग्री घेऊन गेलेल्यांनाच इंग्लंड फळलं, याचे दाखले आपल्याकडं आहेत. इब्राहिम अल्काझी पुण्यात जन्मलेले, शाळाही पुण्यातच. मुंबईत इंग्रजी नाटकांच्या तालमींत मुरून ते लंडनच्या राडा या नाट्यशाळेत गेले. परतल्यावर मुंबईत गच्चीवर नाटकं केली, पुढं १९६२ ते १९७७ राष्ट्रीय नाट्य विद्यालय चालवलं आणि १९६३ साली ‘अंधा युग’ दिल्लीत फिरोजशाह कोटल्याच्या पडक्या भिंतींसमोर उभं केलं. राडात कुणी त्यांना कोटला दाखवला नव्हता. तिथं शिस्त मिळाली, मोकळ्या जागेकडं नाटकाची जागा म्हणून पाहायची नजर घासूनपुसून मिळाली. ती नजर वापरायला भिंती मात्र इथल्याच लागल्या.

डॉ. श्रीराम लागूंचं उदाहरण मला याहून जवळचं वाटतं. ते नाटक शिकायला परदेशी गेलेच नाहीत. कान-नाक-घशाच्या वैद्यकीचं पुढचं शिक्षण घ्यायला कॅनडा आणि इंग्लंडला गेले. त्याआधी पुण्यात भालबा केळकरांबरोबर पीडीए या नाट्यसंस्थेत त्यांची नाटकं सुरू होती. पुढं टांझानियात डॉक्टरकी केली आणि १९६९ साली चाळिशी ओलांडल्यावर पूर्णवेळ रंगभूमीवर आले. पुढच्याच वर्षी ‘नटसम्राट’. शिरवाडकरांनी लिअर राजाला मराठी घरात आणून बसवलं आणि लागूंनी त्याला उभं केलं. त्यामागं कुठल्याही परदेशी नाट्यशाळेचं प्रमाणपत्र नव्हतं.

आणि आगरकर? ते तर परदेशी कधी गेलेच नाहीत. १८८२ साली डोंगरीच्या तुरुंगात असताना त्यांनी ‘हॅम्लेट’ मराठीत आणायला घेतलं आणि १८८३ साली ‘विकारविलसित’ छापून आलं. त्या हॅम्लेटमध्ये पुढं शाहूनगरवासी मंडळीच्या गणपतराव जोशांनी महाराष्ट्र वेडा केला. देवलांचा ‘झुंझारराव’ १८९०चा. म्हणजे शेक्सपियरपर्यंत पोचायला विमानाचं तिकीट लागत नाही हे मराठी माणसानं फार पूर्वी सिद्ध केलंय. अलीकडचं नाव घ्यायचं तर पुण्याच्या ‘आसक्त’चे मोहित टाकळकर. स्वतःची संस्था उभी करून, नाटकं करून झाल्यावर ते एक्सेटर विद्यापीठात शिकायला गेले. चार्ल्स वॉलेस ट्रस्टसारख्या संस्था कलेच्या शिक्षणासाठी मदत देतात, तेव्हा त्यांनाही अर्जदारानं आधी काय काम केलंय हे पाहायचं असतं. यात मला शहाणपण दिसतं. अठराव्या वर्षी कोऱ्या मनानं गेलेल्याला लंडन दिपवून टाकतं. पाच-सात वर्षं मांडव बांधलेला माणूस लंडनला प्रश्न विचारतो.

इथं एक खंत सांगायलाच हवी. २०१२ साली ग्लोबमध्ये शेक्सपियरची ३७ नाटकं ३७ भाषांत झाली. भारतातून हिंदी आणि गुजराती गेल्या. बांगलादेशातून बंगाली, पाकिस्तानातून उर्दू. हिंदी ‘पिया बहरूपिया’ अतुल कुमारांच्या ‘द कंपनी थिएटर’चं, आणि त्यांची तालमीची जागा कामशेतला, म्हणजे आमच्या घाटाच्या पलीकडं. गुजराती नाटक सुनील शानबागांच्या ‘अर्पणा’चं, तेही मुंबईचं. महाराष्ट्रातून दोन नाटकं गेली आणि मराठी एकही नाही. निवड कशी झाली हा मुद्दा मी बाजूला ठेवतो. आगरकर, देवल, गणपतराव जोशी, विंदांचा ‘राजा लिअर’ एवढी पुण्याई असलेल्या भाषेत त्या घडीला ग्लोबच्या उघड्या मंचावर नाचत-गात उभं राहील असं शेक्सपियरचं नाटक चटकन डोळ्यांपुढं येत नव्हतं, हे मला बोचतं. आपण शेक्सपियर वाङ्मयात नेऊन ठेवला. गुजरातीवाल्यांनी तो भांगवाडीच्या जुन्या संगीत रंगभूमीच्या थाटात मांडला, अतुल कुमारांच्या मंडळींनी नौटंकीच्या. आपल्याकडं तमाशा होता, दशावतार होता, गावोगावचं हे पालखीचं नाटक होतं.

इंग्लंडमध्ये शिकण्यासारखं काहीच नाही असा याचा अर्थ कुणी काढू नये. एक गोष्ट तर मी प्रत्येक विद्यार्थ्यानं तिथून आणलीच पाहिजे म्हणेन. ती म्हणजे मंच-व्यवस्थापनाची वही. तिथं तिला प्रॉम्प्ट बुक म्हणतात. संहितेच्या प्रत्येक पानासमोर नटांच्या हालचाली, प्रत्येक दिवा कोणत्या शब्दावर लागायचा, कोणत्या शब्दावर विझायचा, संगीत कधी, दार कोणी उघडायचं, सगळं नोंदलेलं. प्रयोग चालू असताना एक माणूस ती वही पुढं ठेवून कानातल्या यंत्रावरून एकेक सूचना देत असतो. पडदा उघडायच्या ३५ मिनिटं आधी ‘हाफ’ची हाक जाते. त्यानंतर नट नाट्यगृहात नाही असं होऊन चालत नाही. लंडनच्या वेस्ट एंडला ‘माऊसट्रॅप’ १९५२पासून चालू आहे. किती नट बदलले, नाट्यगृह बदललं, नाटक उभं आहे, ते अशा वह्यांच्या जिवावर. आमच्याकडं व्यावसायिक नाटकाची मंडळी बसमधून रात्रभर प्रवास करून नव्या गावात दोन-तीन तासांत नेपथ्य उभं करतात. ते पाहून इंग्रज विद्यार्थ्यानं वही काढावी अशी ती करामत आहे. पण ती सगळी माणसांच्या डोक्यात असते. दिवे सांभाळणारा आजारी पडला की नाटकाचा रंग बदलतो, आणि तो गेला की त्याच्याबरोबर नाटकाचा अर्धा प्रयोग जातो. आपल्या किती थोर प्रयोगांची अशी वही आज कुठं मिळेल?

दुसरी शिकण्यासारखी गोष्ट कायद्याची. ब्रिटनमध्ये नाटकाची संहिता लॉर्ड चेंबरलेनकडून मंजूर करून घ्यावी लागे. एडवर्ड बॉन्डच्या १९६५च्या ‘सेव्ह्ड’वरून रॉयल कोर्ट नाट्यगृहाला कोर्टात खेचलं गेलं, वादळ उठलं आणि १९६८च्या कायद्यानं ही पद्धत संपली. याच इंग्रजांनी १८७६ साली आपल्याला नाटकांवर बंदीचा कायदा दिला होता, त्याखाली खाडिलकरांचं ‘कीचकवध’ १९१० साली बंद पडलं. त्यांनी स्वतःच्या देशातलं नियंत्रण मोडून टाकलं. महाराष्ट्रात मात्र आजही संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडं जाते. १९७२ साली ‘सखाराम बाइंडर’साठी कमलाकर सारंगांना उच्च न्यायालयात जावं लागलं ते याच व्यवस्थेमुळं. इंग्लंडला जाणं म्हणजे अजून साहेबाची शागिर्दी, असं म्हणणाऱ्यांना मला हे सांगावंसं वाटतं. साहेबानं दिलेलं काय आपण जपून ठेवलंय आणि त्यानं स्वतः काय टाकून दिलंय, हे तिथं राहिल्यावर चांगलं दिसतं.

पण चौकमधून जाणाऱ्या मुलीला एकच ठिकाण पाहायला सांगायचं झालं तर मी ग्लोब सांगणार नाही, स्ट्रॅटफर्डही नाही. मी कॉव्हेंट्री सांगेन. १४ नोव्हेंबर १९४० च्या रात्री जर्मन विमानांनी या शहराचा मध्यभाग भुईसपाट केला. शहरानं घरं बांधली, दुकानं बांधली आणि १९५८ साली बेलग्रेड थिएटर बांधलं. युद्धानंतर ब्रिटनमध्ये नगरपालिकेनं उभारलेलं ते पहिलं नाट्यगृह. युगोस्लाव्हियानं लाकूड भेट दिलं म्हणून त्याला बेलग्रेडचं नाव. १९६५ साली याच नाट्यगृहानं नट-शिक्षकांचं एक छोटं पथक शाळांमध्ये धाडलं. तिथून ‘शिक्षणातलं नाट्य’ या चळवळीला सुरुवात झाली. हे पथक मुलांपुढं नाटक करून निघून जात नाही. मुलांना प्रसंगात उभं करतं, पात्राला अडवून जाब विचारायला लावतं, निर्णय घ्यायला लावतं. नट वर्गात आणि शिक्षक नाटकात, असं ते काम. त्याला झगमगीत नेपथ्य लागत नाही, नाट्यगृहही लागत नाही. शाळेचा एक वर्ग लागतो आणि तयारीची चार माणसं.

आमच्या भागात याची निकड किती आहे ते सांगायला १९ जुलै २०२३ची रात्र पुरे. इर्शाळगडाच्या कुशीतल्या इर्शाळवाडीवर दरड आली. ठाकर आदिवासींची वस्ती, ऐंशीहून अधिक माणसं गेली. वाचलेल्यांना खाली आणलं, त्यांच्या पुनर्वसनाचं काम सुरू झालं. घर, पाणी, रेशन हे आधी हवंच, त्याबद्दल दुमत नाही. पण ज्या पोरांनी ती रात्र पाहिली आणि जी पोरं शेजारच्या वाड्यांमध्ये आजही तशाच उतारांखाली झोपतात, त्यांना त्या रात्रीबद्दल बोलायला, विचारायला, रागवायला कुठली जागा आहे? पाठ्यपुस्तकातला आपत्ती व्यवस्थापनाचा धडा ती जागा देत नाही. मोठ्यांनी कुणाचं ऐकलं नाही, कुणी सांगितलंच नाही, डोंगर सोडायचा म्हटलं तर रान आणि शेत कुणाच्या भरवशावर टाकायचं, हे प्रश्न मुलांच्या तोंडून येऊ द्यायचे तर त्याला नाटकासारखी वाट नाही. मात्र ते काम भावनेच्या भरात करता येत नाही. जखम उघडी करून निघून जाणाऱ्या उत्साही मंडळींमुळं अशा मुलांचं नुकसानच होतं. त्याची रीत आहे, साठ वर्षांचा अनुभव आहे, चुकांची नोंद आहे, आणि ती शिकायला इंग्लंडइतकी चांगली जागा मला माहीत नाही.

चौकच्या शेजारी हातनोलीला एन. डी. स्टुडिओ आहे. ‘जोधा अकबर’चे महाल तिथं उभे राहिले. एवढे भव्य देखावे गावाला लागून असताना पंचक्रोशीतल्या मुलांना बाराही महिने तालीम करता येईल अशी एक खोली गावात नाही. मोठ्या नाट्यगृहाची मागणी मी करत नाही. पाच तालुक्यांत पाच नाट्यगृहं बांधून ती लग्नकार्याला भाड्यानं गेलेली पाहण्यात काय अर्थ? ग्रामपंचायतीनं किंवा शाळेनं संध्याकाळी सहानंतर एक वर्ग उघडा ठेवावा, आणि जिल्हा परिषदेनं वर्षभरासाठी चार नट-शिक्षकांचं मानधन द्यावं. इंग्लंडहून परतलेली एक मुलगी आणि गावच्या नाटकात विंगेत उभा राहून प्रॉम्प्टिंग करणारा एखादा अनुभवी काका, अशी जोडी पहिल्या वर्षी त्या चौघांत असली की पुरेल. काकांना संहिता तोंडपाठ असते आणि गावातलं कोण कुणाशी बोलत नाही हेही माहीत असतं. मुलीजवळ वही असेल. खालापूर तालुक्यातल्या आश्रमशाळांपासून सुरुवात करता येईल, आणि शिष्यवृत्तीच्या अर्जात ‘परतल्यावर काय करणार’ या रकान्यात तिनं निघतानाच हे लिहून द्यावं.